सरकीचं तेल, चीनची पुरुष-गोळी आणि शुक्रजंतूंचा प्रश्न

कपाशी

१९५७ साली शांघायमधून निघणाऱ्या पारंपरिक चिनी वैद्यकाच्या एका नियतकालिकात लिऊ बाओशान यांचा लेख छापून आला. च्यांगसू प्रांतातल्या एका खेड्यात तीसच्या दशकापासून चाळीसच्या दशकापर्यंत दहाएक वर्षं पाळणा हलला नव्हता, त्याची ती हकीकत होती. गाव आधी सोयाबीनचं तेल खायचं. मग सरकीचं कच्चं तेल घरोघरी आलं आणि मुलं होणं थांबलं. लिऊ यांनी त्यावरून तर्क बांधला की हे तेल संततिनियमनासाठी वापरता येईल.

पन्नाशीच्या दशकात चीनच्या कापूसपट्ट्यातून आणखीही तक्रारी येत होत्या. उन्हात गेलं की अंगाची आग, घाम न येणं, कमालीचा थकवा, हातापायातलं बळ जाणं. बायकांची पाळी बंद व्हायची. लोकांनी त्याला ‘जळता ताप’ असं नाव दिलं होतं. शोध घेणारे डॉक्टर शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबत होते: बिया न शिजवता थेट दाबून काढलेलं सरकीचं तेल.

त्या तेलातला गुन्हेगार म्हणजे गॉसिपॉल. आपल्या वऱ्हाडात ज्यानं सरकी फोडून पाहिली असेल त्याला आतल्या गरात बारीक काळपट ठिपके दिसले असतील. त्या ग्रंथींमध्ये हे पिवळं द्रव्य असतं. कीड लागू नये म्हणून कपाशीच्या झाडानं केलेली ती तजवीज आहे. रसायनशास्त्रज्ञांना ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ठाऊक होतं. पुरुषाच्या वृषणावर ते काय करतं, हे मात्र या खेड्यांनी दाखवलं.

पुढे चीननं जे केलं ते प्रमाणानं अचाट होतं. आधी प्राण्यांवर तपासणी झाली आणि १९७२ पासून माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. ८ हजारांहून अधिक पुरुषांनी गॉसिपॉलची गोळी घेतली. सुरुवातीला रोज २० मिलिग्रॅम, साधारण दोन-अडीच महिने, म्हणजे वीर्यातली शुक्रजंतूंची संख्या मिलिलिटरला ४० लाखांच्या खाली येईपर्यंत. मग ती तिथेच राहावी म्हणून आठवड्याला ५० मिलिग्रॅमच्या आसपास. १९७८ मध्ये चिनी संशोधक गटानं हे निकाल इंग्रजीतून प्रसिद्ध केले. गर्भधारणा टाळण्यात यश ९९ टक्क्यांहून जास्त होतं. जागतिक आरोग्य संघटनेपासून अमेरिकेतल्या प्रतिष्ठानांपर्यंत सगळे त्यामागे लागले.

लागणारच. आजवर पुरुषांसाठी जे हार्मोनचे प्रयोग झाले त्यांत मेंदूकडून वृषणाला जाणारा हुकूमच बंद पाडायचा असतो. त्यामुळे शरीरातलं टेस्टोस्टेरॉन बाहेरून भरून काढावं लागतं. गॉसिपॉलला हार्मोनशी फारसं देणंघेणं नव्हतं. ते घाव घालत होतं तयार होत आलेल्या शुक्रपेशींवर, त्यांच्या ऊर्जायंत्रणेवर. वृषणात आणि शुक्रजंतूतच सापडणारा एक खास विकर (एन्झाइम) असतो, लॅक्टेट डिहायड्रोजिनेजचा एक प्रकार, त्यालाही ते निकामी करतं. टेस्टोस्टेरॉन जागेवर, कामेच्छा जागेवर, आणि शुक्रजंतू शून्याकडे. पुरुषांच्या गोळीचं स्वप्न पाहणाऱ्याला याहून काय हवं?

पण दोन गोष्टींनी घात केला. काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं. पोटॅशियम घसरलं की स्नायू लुळे पडतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. काही भागांत हे प्रमाण शंभरात एकाहून कमी होतं, काही भागांत बरंच जास्त. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. गोळी बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्रजंतू परत आले, पण दहातल्या एकाचे, काही पाहण्यांत पाचातल्या एकाचे, आलेच नाहीत. जितकी जास्त वर्षं गोळी घेतली तितकी परत येण्याची शक्यता कमी. १९८६ मध्ये चीननं हा मार्ग सोडला. ब्राझीलमध्ये एल्सिमार कोटिन्यो यांनी कमी डोसवर काम चालू ठेवलं, पण १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या गटानंही हा विषय थांबवावा असं सांगितलं.

हे सगळं इथे लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. मुलासाठी प्रयत्न करणाऱ्या पुरुषांना आपल्याकडे दोन तऱ्हेची वाक्यं ऐकवली जातात. ‘वनस्पतीच आहे, अपाय काही नाही’ हे एक, आणि ‘झाडपाला आहे, त्यानं काय होणार’ हे दुसरं. कपाशीच्या झाडातल्या एका द्रव्यानं हजारो पुरुषांचे शुक्रजंतू संपवले आणि त्यांतल्या काहींचे कायमचे. वृषणापर्यंत पोचणारी कुठलीही गोष्ट औषधच आहे, मग ती डबीत असो, पुडीत असो की काढ्यात. तिला विचारायचे प्रश्नही तेच: किती प्रमाणात, नेमकं कशावर, बाकी शरीराचं काय, आणि थांबवल्यावर पूर्ववत होतं का.

या विषयातले डॉक्टर, वैद्य आणि चीनमध्ये राहणारे सभासद इथे आहेत. त्यांनी जरूर लिहावं.

राजगिरा

उत्तम धागा. वाचतेय. चिनी वैद्यकातून आलेलं औषध म्हटलं की फक्त हिवतापावरचं आर्टेमिसिनिन आठवायचं, हे ठाऊकच नव्हतं.

गोठेवाला

फलटणकडून लिहितोय. आमच्या गोठ्यात म्हशींना रोज सरकी पेंड जाते, आणि एक वळू आहे. हे वाचून धास्ती वाटली. पेंडीत हे विष असतं का? म्हशी तर दुधाला बऱ्या आहेत.

कपाशी

गोठेवाला, म्हशींची काळजी करू नका. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू आणि तिथली प्रथिनं गॉसिपॉलला बांधून टाकतात. बांधलेलं गॉसिपॉल फारसं अंगी लागत नाही. शिवाय पेंड गरम घाण्यातली असेल तर उष्णतेनं त्यातलं बरंच द्रव्य आधीच प्रथिनाला चिकटलेलं असतं. आमच्याकडे ढेप म्हणतात, तिच्यावर अख्ख्या वऱ्हाडातली दुभती जनावरं पोसली जातात.

तीन ठिकाणी मात्र सांभाळा. लहान वासरांचं ते पोट अजून घडलेलं नसतं, त्यांना सरकी घालू नये. कोंबड्या आणि डुकरं यांना ती सोय नाहीच. अंडी देणाऱ्या कोंबडीला जास्त सरकी गेली तर साठवणीत बलकाचा रंग हिरवट होतो. आणि तुमचा वळू. सरकी भरपूर खाणाऱ्या वळूंच्या शुक्रजंतूंची हालचाल मंदावते आणि त्यांचा मधला भाग, जिथे ऊर्जा तयार होते, तो बिघडलेला दिसतो. खाणं बदललं की सुधारणा होते, आणि आहारात ई जीवनसत्त्व दिलं तर परिणाम सौम्य राहतो असंही दिसलंय. वळूला सरकी कमी करून शेंगदाणा पेंड द्या आणि पशुवैद्यकांशी बोलून घ्या.

गोठेवाला

वळूचं आजच बदलतो. मोठा आधार झाला.

पिंपळपान

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली घरची. बाहेरचा फरसाण, विशेषतः गुजरातेतून येणारा, बरेचदा कपासिया तेलात तळलेला असतो. म्हणजे सरकीचंच ना ते? मुलं रोज खातात.

दुसरी जरा मोठी. तुम्ही म्हणता दुष्परिणाम दिसले म्हणून पुरुषांची गोळी थांबली. बायकांच्या गोळीचं काय झालं? १९५६ मध्ये पोर्टो रिकोमधल्या गरीब बायकांवर तिच्या चाचण्या झाल्या, तेव्हा हार्मोनचं प्रमाण आजच्या कितीतरी पट होतं. चक्कर, मळमळ, रक्ताच्या गुठळ्या. तरी १९६० मध्ये परवाना मिळालाच. आपल्याकडेही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. पुरुषाचं पोटॅशियम खाली आलं की जग थांबतं, बाईला मळमळलं तर ‘होईल सवय’. हे तुम्हाला दिसत नाही का?

कपाशी

फरसाणाचं आधी सांगतो. बाजारात खायला येतं ते शुद्ध केलेलं सरकीचं तेल. त्यात अल्कलीची प्रक्रिया होते, तेव्हा गॉसिपॉल साबणाच्या गाळाबरोबर निघून जातं. मग रंग काढणं, वास काढणं. चीनमधल्या त्या गावांत खाल्लं जायचं ते यातल्या कुठल्याच पायरीतून न गेलेलं तेल होतं. मुलांनी रोज फरसाण खाऊ नये याची कारणं वेगळी आहेत. घाण्याचं कच्चं सरकीचं तेल मात्र ‘शुद्ध नैसर्गिक’ म्हणून कुणी देऊ केलं तर घेऊ नका.

दुसरा मुद्दा मला मनापासून पटतो, अर्धा. बाईच्या शरीराकडून सोसण्याची अपेक्षा नेहमीच जास्त ठेवली गेली आणि आकडे तुम्ही दिलेतच. पण गॉसिपॉल थांबलं ते मळमळीसाठी नव्हे. ज्यांना पुढे मूल हवं होतं अशा तरुणांमधल्या दहातल्या एकाला कायमचं वंध्यत्व येत होतं आणि ते कुणाला येईल हे आधी सांगता येत नव्हतं. अशी गोळी बाईलाही देऊ नये.

पिंपळपान

कायमच्या वंध्यत्वाबद्दल वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की १९८६ नंतर दुसरी वाट शोधायला जो जोर लागायला हवा होता तो लागला नाही, कारण ओझं उचलायला बायका होत्याच.

हुआंगपूकाठ

शांघायमध्ये नोकरीनिमित्त बरीच वर्षं राहतोय. इथल्या चिनी वैद्यकाच्या मोठ्या रुग्णालयांत पुरुषरोगांचा स्वतंत्र विभाग असतो आणि तो ओस पडलेला कधी दिसत नाही. वैद्य नाडी बघतात, जीभ बघतात आणि वीर्यतपासणीचा कागदही बघतात. दोन्ही एकाच टेबलावर.

त्यांच्या शास्त्रात प्रजननाचं मूळ मूत्रपिंडात मानतात. आपण जो लघवी गाळणारा अवयव समजतो त्यापेक्षा त्यांची कल्पना फार व्यापक आहे. वाढ, हाडं, केस, दात, प्रजनन हे सगळं तिथे साठवलेल्या सत्त्वावर चालतं असं ते धरतात. ‘ह्वांगदी नेईजिंग’ या प्राचीन ग्रंथात पुरुषाचं आयुष्य आठ-आठ वर्षांच्या टप्प्यांनी सांगितलंय. दोन आठे सोळाला सत्त्व भरून वाहतं आणि तो बाप होऊ शकतो. पाच आठे चाळीसला केस गळू लागतात. आठी आठी चौसष्टला दात आणि केस दोन्ही जातात. स्त्रीचं गणित सातच्या पाढ्यानं.

वंध्यत्वावरचं सर्वांत प्रसिद्ध पारंपरिक औषध पाच बियांचं आहे, वूझी यानझोंग. गोजी बेरी, कस्कुटाचं बी, एका जातीची रास्पबेरी, शिसांड्रा आणि प्लँटॅगोचं बी. कस्कुटा म्हणजे आपल्याकडे कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांसारखी पसरते त्या अमरवेलीची सख्खी बहीण. प्लँटॅगो इसबगोलाच्या घरातलं. कुठल्याही औषधाच्या दुकानात ही गोळी सहज मिळते.

पण या धाग्याशी जास्त जवळचं आहे ते दुसरंच झाड, लेई गोंग तेंग. याची मुळं चिनी वैद्य संधिवातावर देत आले आहेत आणि गुणही येतो. ऐंशीच्या दशकात लक्षात आलं की त्याचा अर्क घेणाऱ्या पुरुषांचे शुक्रजंतू कमी झालेत आणि जे आहेत ते हलत नाहीत. नानजिंगचे छियान शाओचेन यांनी हे अभ्यासलं. ते आधी गॉसिपॉलवरच काम करत होते. २०२१ मध्ये या झाडातल्या ट्रिप्टोनाइड नावाच्या द्रव्याबद्दल एक शोधनिबंध आला, वेई यान यांच्या गटाचा. उंदीर आणि माकडं दोघांतही रोज तोंडानं दिल्यावर काही आठवड्यांत शुक्रजंतू वेडेवाकडे होऊन निकामी झाले, आणि औषध थांबवल्यावर काही आठवड्यांतच प्रजननक्षमता परत आली. गॉसिपॉल जिथे अडलं ती जागा हे ओलांडू शकेल अशी आशा आहे. माणसात ते सिद्ध व्हायचंय.

निंबोणी

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, नाशिकला दवाखाना चालवते. धागा आवडला, पण एका वाक्यावर थांबले.

च्यांगसूच्या त्या गावात पारंपरिक चिनी वैद्यकानं कुणालाही सरकीचं कच्चं तेल दिलं नव्हतं. ते स्वयंपाकात आलं आणि बी शिजवायची पायरी गाळून आलं. म्हणजे संस्कार सोडल्याचा हा परिणाम झाला. आमच्याकडे बिब्बा, कुचला, कवचबीज यांतलं काहीच थेट देत नाहीत. कुचल्याची शुद्धी करावी लागते, कवचबीज दुधात शिजवून वरची साल काढावी लागते. लेई गोंग तेंगचंही तसंच ना? माझ्या वाचनात आहे की चिनी वैद्य त्या मुळाची वरची साल पूर्ण काढून टाकतात, आतलं लाकूडच वापरतात आणि बराच वेळ उकळतात.

वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनानंतर लगेच त्याचा अध्याय येतो. तिथे औषधाआधी माणसाची प्रकृती, पचन, मन, शोधन यांचा विचार सांगितलाय. आज दुकानात मिळणाऱ्या ‘शक्तिवर्धक’ डब्यांचा त्याच्याशी संबंध नाही, आणि त्या डब्या विकणाऱ्यांचा राग आम्हा वैद्यांना इतरांपेक्षा जास्त येतो. रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा त्याची एक-दोन वर्षं त्यांत गेलेली असतात.

हुआंगपूकाठ

बरोबर, निंबोणीताई. साल आणि पानं जास्त विषारी, म्हणून सोललेलं मूळच. तेही वैद्याच्या देखरेखीखाली. यकृत आणि मूत्रपिंडाला त्रास झाल्याच्या नोंदी इथे भरपूर आहेत.

राजगिरा

निंबोणीताईंच्या मुद्द्यावरून एक गोष्ट जाणवली. आर्टेमिसिनिनच्या शोधात चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना नेमकं उलटं दिसलं होतं. दवण्याच्या जातीच्या त्या झाडाचा उकळून काढा केला की गुण जायचा. गे होंग यांच्या चौथ्या शतकातल्या ग्रंथात ते झाड पाण्यात भिजवून पिळून प्यायला सांगितलंय, त्यात उकळण्याचा उल्लेख नाही. त्यावरून त्यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला आणि हिवतापावरचं औषध हाती आलं. तिथे उष्णतेनं औषध मरत होतं, इथे उष्णतेनं विष मरत होतं. प्रक्रिया महत्त्वाची हे शंभर टक्के मान्य, पण कुठली प्रक्रिया कशाला तारते आणि कशाला मारते हे ग्रंथावरून ओळखून भागत नाही, प्रयोगशाळेत जावंच लागतं. त्यांनीही जुना ग्रंथ उघडला आणि मग उंदरांवर, माकडांवर, आणि शेवटी स्वतःवर घेऊन बघितलं.

निंबोणी

हे मान्य आहे. माझ्या पिढीतले बरेच वैद्य आता तेच मागताहेत.

स्टेथो

मी पुरुष वंध्यत्वावर काम करतो, पुण्यात. शरीररचनेचं थोडं सांगतो, म्हणजे वरचे दोन-अडीच महिने आणि ‘परत आलेच नाहीत’ हे कुठून येतं ते कळेल.

वृषणाच्या आत शेकडो बारीक वेटोळ्या नळ्या असतात. नळीच्या भिंतीशी, सर्वांत बाहेरच्या थरात, मूळ पेशी बसलेल्या असतात. त्या आयुष्यभर विभागत राहतात. त्यांची पिल्लं आतल्या पोकळीकडे सरकत सरकत शुक्रजंतू बनतात. या प्रवासाला साधारण ७४ दिवस लागतात. सर्टोली नावाच्या उंच पेशी त्यांना सांभाळतात आणि एकमेकींना घट्ट बिलगून रक्तापासून आडोसा करतात. नळ्यांच्या मधल्या जागेत लायडिग पेशी, त्या टेस्टोस्टेरॉन बनवतात. तयार झालेला शुक्रजंतू पुढे अधिवृषणात जातो. ही एकच नळी, उलगडली तर सुमारे ६ मीटर भरेल. तिथे त्याला आणखी दहा-बारा दिवस लागतात आणि पोहण्याची ताकद तिथेच येते.

म्हणून पुरुषाला आज दिलेलं कुठलंही औषध, चांगलं किंवा वाईट, वीर्याच्या तपासणीत दिसायला तीन महिने जातात. ‘पंधरा दिवसांत काउंट दुप्पट’ असं जो सांगतो त्यानं हे वेळापत्रक वाचलेलं नाही.

गॉसिपॉलचा घाव आधी आतल्या, तयार होत आलेल्या पेशींवर पडतो. मूळ पेशी शाबूत असतील तर गोळी बंद केल्यावर कारखाना पुन्हा चालू होतो. पण ज्यांच्यात घाव भिंतीपर्यंत पोचला, तिथे तपासणीत नळ्यांत नुसत्या सर्टोली पेशी उरलेल्या दिसल्या. तिथून परतीचा रस्ता नाही. वृषणाच्या शिरा आधीच फुगलेल्या असलेल्या पुरुषांना हा धोका अधिक होता, असंही निरीक्षण आहे.

पिंपळपान ताईंच्या मुद्द्याला एक जोड. पुरुषांसाठी चीनकडून जगाला खरोखर मिळालेली गोष्ट ही गोळी नाहीच. १९७४ मध्ये सिचुआनमध्ये ली शुनछियांग यांनी टाका न घालता करायची नसबंदी विकसित केली. त्वचेला एक बारीक छिद्र पाडून शुक्रवाहिनी बाहेर घ्यायची, बांधायची आणि कापायची. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग दोन्ही कमी. आपल्या सरकारी रुग्णालयांत ‘बिनटाका नसबंदी’ म्हणून जी होते ती हीच. स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी सोपी, आणि तरी ०.३ टक्के. भारतातही सुजॉय गुहा यांनी आयआयटीत शुक्रवाहिनीत टोचायचं पॉलिमर तयार केलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ३०३ पुरुषांवरच्या चाचणीचे चांगले निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

एकटाजीव

बराच वेळ लिहू की नको करत होतो. लग्नाला चार वर्षं झाली. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं ठीक. मग माझी झाली. काउंट मिलिलिटरला ९० लाख आला. घरी अजून कुणाला सांगितलं नाही, बायको सोडून. सिंगापूरला असलेल्या मित्रानं वर हुआंगपूकाठ यांनी सांगितल्या त्याच पाच बियांच्या गोळ्या पाठवल्यात. शिवाय जस्त आणि फॉलिक अॅसिड घेतोय. जिममध्ये ट्रेनरनं ताकदीसाठी इंजेक्शन सुचवली होती, ती गेल्या वर्षी काही महिने घेतली. त्या गोळ्या सुरू करू का?

पिंपळपान

लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्याकडे हीच तपासणी करायला नवऱ्याला तयार करण्यात दोन वर्षं गेली. तुम्ही स्वतः गेलात आणि बायकोपासून लपवलं नाहीत.

हुआंगपूकाठ

भाऊ, इथल्या वैद्यांनीही तपासल्याशिवाय त्या गोळ्या दिल्या नसत्या. थांबा जरा.

स्टेथो

एकटाजीव, आधी इंजेक्शनबद्दल, कारण तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. जिममध्ये ताकदीसाठी देतात ते बहुधा टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्या जातीचं असतं. बाहेरून ते आलं की मेंदू समजतो भरपूर आहे, आणि वृषणाला कामाला लावणारे दोन्ही हार्मोन बंद करतो. वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन घसरतं आणि शुक्रजंतू बनणं मंदावतं किंवा थांबतं. म्हणून टेस्टोस्टेरॉन हे मूल हवं असणाऱ्या पुरुषाला कधीही द्यायचं औषध नाही. बहुतेकांचं उत्पादन इंजेक्शन बंद केल्यावर परत येतं, पण त्याला काही महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. कुठलं इंजेक्शन, किती महिने, शेवटचं कधी, हे ट्रेनरकडून लिहून घ्या. मित्रांकडे कुपीचे फोटो असतील तर तेही घ्या.

काउंटबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आहे. ही रेषा कुठून आली? ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांमधल्या सर्वांत खालच्या ५ टक्क्यांवरून. म्हणजे रेषेखालीही बाप झालेले पुरुष आहेत. ९० लाख म्हणजे दार बंद असा अर्थ होत नाही. आणि एका तपासणीवर काहीच ठरवत नाहीत. २ ते ७ दिवसांचा संयम ठेवून पुन्हा एकदा करायची. आधीच्या तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तरी आकडा पडलेला दिसतो.

जस्त आणि फॉलिक अॅसिडवर अमेरिकेत २,३७० जोडप्यांची मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आले. वीर्याच्या दर्जात फरक नाही, जन्मलेल्या बाळांच्या संख्येत फरक नाही, पोटाच्या तक्रारी मात्र जास्त. तो खर्च वाचवा. पाच बियांच्या गोळ्यांवर इतक्या ताकदीची चाचणी नाही. त्या तुमचं भलं करतील असं म्हणायला आधार नाही, आणि पाकिटात लिहिलंय त्याखेरीज आणखी काय आहे हे तपासल्याशिवाय कळणार नाही. इंजेक्शनचा परिणाम उतरत असताना गोळी सुरू केली आणि काउंट वाढला, तर श्रेय गोळीला जाईल आणि मग मित्राच्या मित्रालाही तीच जाईल. नकोच.

पुरुष वंध्यत्व पाहणाऱ्या डॉक्टरकडे जा आणि हातानं तपासून घ्या. उभं राहून केलेली तपासणी हवी. डाव्या वृषणाची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते, त्यामुळे डावीकडे रक्त तुंबून शिरा फुगण्याची शक्यता जास्त. सर्वसाधारण पुरुषांत शंभरात पंधरांना, वंध्यत्वासाठी येणाऱ्यांत शंभरात पस्तीस-चाळिसांना हे सापडतं आणि त्याला उपाय आहे. सोबत सकाळचं टेस्टोस्टेरॉन आणि एफएसएच, म्हणजे वृषणाला कामाला लावणाऱ्या त्या दोन हार्मोनपैकी एक, यांची रक्ततपासणी. दुसऱ्या तपासणीत संख्या ५० लाखांच्या खाली गेली तर गुणसूत्रांची तपासणीही सांगतील, घाबरू नका, ती नेहमीची पायरी आहे.

दोघंही एकत्र जा. बायकोचं वय आणि तिच्या तपासण्या यांवर पुढे किती थांबायचं हे ठरतं. आधीचे सगळे कागद, इंजेक्शनची माहिती, सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि त्या सिंगापूरच्या गोळ्यांचं पाकीट, न फोडलेलं, बरोबर न्या.